मोबाइलवरचं नाटक डीव्हीडी प्लेअरवर: डीव्हीडीस्टायलर वापरून

घरात अजून डीव्हीडी प्लेअर चालू असेल आणि त्यावर बघण्याजोगी डिस्क स्वतः तयार करायची असेल, तर डीव्हीडीस्टायलर हे सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, चित्रावर स्वतःचा शिक्का मारत नाही आणि तीस दिवसांनी पैसे मागत नाही. मी ते कशासाठी वापरते आणि कुठे जपून वापरावं लागतं, ते सविस्तर लिहिते, कारण मराठीत या विषयावर धड काही वाचायला मिळत नाही.

मी गोव्यातल्या मडकईची. आमच्या फोंडा तालुक्यात जत्रेला, काल्याला देवळाच्या मंडपात हौशी मंडळींचं संगीत नाटक व्हायचंच. कुणीही कधी तोंडाला रंग लावला नाही असं घर आमच्या वाड्यावर शोधून सापडायचं नाही. गेली काही वर्षं आमच्या मंडळाच्या प्रयोगांचं चित्रीकरण मी करते, आणि त्याआधीच्या प्रयोगांच्या जुन्या फाइलीही माझ्याकडेच गोळा झाल्या आहेत. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मुंबई-पुण्याची माणसं घरी आली की दुपारच्या जेवणानंतर हे प्रयोग बघायचे असतात. बघणाऱ्यांत सत्तरी-ऐंशीची माणसं जास्त. त्यांतल्या कित्येकांनी स्वतः स्त्रीभूमिका केलेल्या.

या माणसांना यूट्यूबची लिंक पाठवून भागत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे नेटचा भरवसा नसतो, आणि फोनच्या एवढ्याशा पडद्यावर मेकअपमधला आपला भाऊ ओळखू येत नाही. पेनड्राइव्ह चालेल असं वाटतं, पण त्यांच्या टीव्हीच्या यूएसबीला काही फाइली दिसतात, काही दिसत नाहीत, काहींचा नुसता आवाज येतो. डीव्हीडी प्लेअर मात्र त्यांच्या हाताला ओळखीचा आहे. ट्रे उघडायचा, डिस्क ठेवायची, प्ले दाबायचं. एवढ्यात नाटक सुरू झालं पाहिजे. माझी मागणी तेवढीच आहे.

मग अडतं कुठे? बाजारातल्या एका स्टुडिओने माझ्या मामेसासऱ्यांना लग्नाची 'डीव्हीडी' करून दिली होती. त्यांनी ती माझ्याकडे आणली. "बाय, ही आमच्या मशीनवर चालत नाही गो." लॅपटॉपला लावून पाहिलं तर डिस्कवर एमपी४ फाइली जशाच्या तशा कॉपी केलेल्या. ही डेटा डिस्क झाली, कपाटात फाइली ठेवाव्यात तशी. विंडोजमध्ये फाइल उचलून डिस्कवर टाकली की हेच होतं, मग विंडोजने विचारलेल्या दोन पर्यायांतला 'सीडी/डीव्हीडी प्लेअरसह' हा निवडला तरी. त्या पर्यायाच्या नावामुळे पुष्कळ लोक फसतात.

प्लेअरला लागते ती डीव्हीडी-व्हिडिओ. तिच्यात 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर असतो. त्यात व्हीओबी फाइलींमध्ये चित्र-आवाज आणि आयएफओ फाइलींमध्ये कुठून काय सुरू करायचं त्याची माहिती असते. चित्र सहसा एमपेग-२ पद्धतीचं असतं. ती पद्धत १९९० च्या दशकातली. आपले फोन चित्र साठवतात एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये, आणि ही मानकं अनुक्रमे २००३ आणि २०१३ मधली. घरातल्या जुन्या प्लेअरच्या चिपला ही भाषा शिकवलेलीच नसते. ज्या प्लेअरवर डिव्हएक्सची (चित्र दाबून साठवायच्या एका जुन्या पद्धतीची) खूण आहे, ते काही जुन्या एव्हीआय फाइली थेट वाचतात. तुमच्याकडे तसा असेल आणि फाइल तशी असेल तर बदल करायची गरजच नाही. फोनच्या फाइलींना मात्र ही सवलत लागू पडत नाही.

म्हणजे कामाचे तीन भाग झाले: फाइलीचं एमपेग-२ मध्ये रूपांतर, मेनूसकट डीव्हीडीची रचना, आणि डिस्क जाळणं, म्हणजे कोऱ्या डिस्कवर ते लिहिणं. डीव्हीडीस्टायलर हे तिन्ही करतं. आतून ते रूपांतरासाठी एफएफएमपेग आणि रचनेसाठी डीव्हीडी-ऑथर ही जुनी, खात्रीची साधनं वापरतं. समोर मात्र खिडकी आणि बटणं. फाइल ओढून खालच्या पट्टीवर टाकायची, वरती मेनू दिसतो.

नवीन प्रोजेक्ट उघडताच ते काही प्रश्न विचारतं. डिस्क केवढी, व्हिडिओचा बिटरेट (एका सेकंदाच्या चित्राला दिलेली जागा) किती, पाल की एनटीएससी, ४:३ की १६:९, आवाज कुठल्या प्रकारचा. बहुतेक जण इथे नुसतं ओके दाबून पुढे जातात. डिस्कचा दर्जा याच पानावर ठरतो, म्हणून इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

आधी जागेचा हिशेब. कोऱ्या डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, पण संगणक ४.३७ दाखवतो. डिस्क खोटी नसते, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. या जागेत दोन तासांचं चित्रण बसवायचं तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला सुमारे ५,२०० किलोबिट मिळतात. हे उत्तम. तीन तास बसवायचे तर सुमारे ३,४५० उरतात, आणि सव्वातीन तासांना ३,२०० च्या आसपास. बिटरेट 'ऑटो' ठेवला की डीव्हीडीस्टायलर हा भागाकार स्वतः करून सगळं एका डिस्कवर बसवून देतं. बसतं, पण रंगमंचावर लाल मखमली पडदा हलला, मागून धूर सोडला किंवा युद्धाचा प्रवेश आला की चित्रात चौकोन चौकोन दिसायला लागतात. काळोखातल्या प्रवेशात तर भिंत उकडलेल्या साबुदाण्यासारखी दिसते.

आमची संगीत नाटकं तीन तासांच्या खाली क्वचित संपतात. मी सरळ दोन डिस्क करते. पहिले दोन अंक एकीवर, तिसरा दुसरीवर. मध्यंतर तसंही असतंच. तेवढ्यात चहा होतो, आणि डिस्क बदलायला कुणी कंटाळत नाही. मानकात चित्र आणि आवाज मिळून कमाल १०,०८० किलोबिट आणि चित्राला ९,८०० ची मर्यादा आहे, पण तिच्या जवळ जाऊ नये. घरी जाळलेल्या डिस्क जुना प्लेअर तशाही थोड्या कष्टाने वाचतो. सात हजारांच्या वर मी जात नाही. आठ-साडेआठ जीबीच्या दुहेरी थराच्या डिस्क मिळतात, पण महाग असतात आणि जुने प्लेअर त्या वाचताना थर बदलतो तिथे अडखळतात. दोन साध्या डिस्क केव्हाही बऱ्या.

आवाजाच्या बाबतीत कंजुषी करू नका. संगीत नाटकात ऑर्गन, तबला आणि गळा हेच तर ऐकायचं असतं. मी एसी-३ (डॉल्बीची आवाज साठवायची पद्धत) निवडते आणि १९२ किलोबिटऐवजी २५६ देते. पाच हजारांतले ६४ किलोबिट इकडे वळवल्याने चित्राचं काहीही बिघडत नाही, पण तान स्वच्छ ऐकू येते. एमपी२ हा दुसरा पर्याय तिथे दिसतो. पाल डिस्कवर तो चालतो, पण एसी-३ सगळीकडे चालतं, मग विचार कशाला करायचा. आवाज ४८ किलोहर्ट्झवर जायला हवा, तेवढं सॉफ्टवेअर आपोआप बघतं.

आता पाल की एनटीएससी. भारतातली टीव्हीची पद्धत पाल, सेकंदाला २५ चित्रं, ७२० गुणिले ५७६ ठिपके. एनटीएससीत सेकंदाला २९.९७ चित्रं आणि ७२० गुणिले ४८०. जुन्या कॅमकॉर्डरवर घेतलेल्या, मग कुणीतरी दाबून एव्हीआय केलेल्या फाइली २५ च्याच असतात, त्यांना पालच द्यायचं, प्रश्न नाही. फोन मात्र ३० ने घेतो. ३० चे २५ करताना दर सेकंदाला पाच चित्रं गाळली जातात. उभं राहून पद म्हणणाऱ्या नटाच्या बाबतीत हे कळत नाही, पण शिगम्यातल्या रोमटामेळाचं (ढोल-ताशांवर नाचत जाणाऱ्या मिरवणुकीचं) किंवा फुगडीचं चित्रण असेल तर हालचाल धक्के खात गेल्यासारखी वाटते. तशा चित्रणाला मी एनटीएससी देते. आपल्याकडे विकले गेलेले बहुतेक प्लेअर आणि टीव्ही दोन्ही वाचतात. डिस्क वाटण्याआधी एकाच्या घरी लावून बघावी, म्हणजे झालं.

हिशेब बघितला तर फोनच्या १९२० गुणिले १०८० चित्राचा पालमध्ये पाचवा हिस्सा उरतो, एनटीएससीत सहावा. हे नुकसान कुठलंही सॉफ्टवेअर टाळू शकत नाही, डीव्हीडीची मर्यादाच ती. म्हणून मूळ फाइली हार्ड डिस्कवर जपून ठेवाव्यात आणि डीव्हीडी ही बघायची प्रत समजावी. पुढचं चित्रण करताना शक्य असेल तर फोनच सेकंदाला २५ चित्रांवर लावा. आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय आहे, काही अँड्रॉइड फोनांतही सोय असते. आणि देवाशपथ, फोन आडवा धरा. उभ्या चित्रणाला डीव्हीडीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, आणि पडदा केवढाही मोठा असला तरी मध्ये चिंचोळी फट उरते.

फोनच्या फाइलींची आणखी एक खोड सांगते, कारण तिचा दोष लोक डीव्हीडीस्टायलरला देतात. फोन प्रकाशाप्रमाणे चित्रांचा वेग मधूनमधून बदलतो. कधी ३०, अंधारात २४, परत २९. डीव्हीडीला वेग ठाम लागतो. अशी फाइल थेट दिली तर तासाभराने ओठ आणि आवाज यांची फारकत होऊ शकते, आणि गाण्यात ते लगेच खटकतं. यावर उपाय हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर. त्यात फाइल टाकून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून एकदा काढून घ्यायची आणि ती पुढे डीव्हीडीस्टायलरला द्यायची. हँडब्रेकचं नाव डीव्हीडीच्या संदर्भात पुष्कळ ऐकू येतं, पण ते डीव्हीडी बनवत नाही. ते एमपी४, एमकेव्ही अशा फाइली बनवतं. उलट्या दिशेचं साधन आहे. जुन्या एव्हीआयमध्ये आवाज बदलत्या बिटरेटच्या एमपी३ चा असेल तर तिथेही असाच घोळ होतो, आणि उपायही तोच.

या सॉफ्टवेअरचं मला सगळ्यांत आवडलेलं अंग म्हणजे चॅप्टर आणि मेनू. प्रत्येक व्हिडिओच्या प्रॉपर्टीजमध्ये चॅप्टर कुठे सुरू व्हावेत त्या वेळा लिहिता येतात. दर पाच मिनिटांनी चॅप्टर पाडणं सोपं असतं, पण त्याचा उपयोग शून्य. मी नाटक एकदा पूर्ण ऐकते आणि प्रत्येक पद जिथे सुरू होतं तिथे चॅप्टर घालते. नांदीपासून. वेळ जातो, एक अख्खी संध्याकाळ जाते, पण मग रिमोटवरचं पुढचं बटण दाबलं की थेट पुढचं पद. आमच्या आत्येसासूबाई अर्धं नाटक बाजूला ठेवून फक्त पदं ऐकतात आणि प्रत्येकाआधी कोण म्हणणार ते जाहीर करतात. हे यूट्यूबवर त्यांना जमत नव्हतं, पट्टी ओढताना बोट थरथरतं.

मेनूसाठी तयार नमुने आहेत, पण ते वापरू नयेत असं माझं मत. पार्श्वभूमीला आपलं चित्र द्यावं. मी प्रयोगाचा फोटो घेते, त्यावर नाटकाचं नाव, वर्ष, नटसंच हे सगळं चित्र बनवायच्या सॉफ्टवेअरमध्येच देवनागरीत लिहून घेते आणि तयार चित्र आत आणते. मग डीव्हीडीस्टायलरमध्ये त्यावर फक्त बटणं ठेवायची: 'नाटक सुरू', 'अंक दुसरा', 'पदं'. अक्षरं मोठी, आणि कडेपासून आत. जुने काचेच्या नळीचे टीव्ही चारही बाजूंनी थोडं चित्र कापतात, त्यामुळे कडेला लिहिलेलं नाव अर्धं जातं. एखाद्या नटाचं नाव अर्धं कापलं गेलं तर त्या घरी ते वर्षभर ऐकावं लागतं, आणि त्यांचं बरोबरच असतं. व्हिडिओ संपल्यावर परत मेनूवर यायचं की पुढचा भाग सुरू करायचा, तेही ठरवता येतं. फाइलींची नावं आणि फोल्डर मात्र साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवावेत, रूपांतराची जुनी साधनं त्यात जास्त सुखी असतात.

उणिवा आहेत. दिसायला सॉफ्टवेअर जुनाट आहे, बटणांची चित्रं बारीक. व्हिडिओ कापायचा-जोडायचा असेल तर ते दुसरीकडे करून यावं. चूक झाली की येणारा संदेश अभियंत्यांसाठी लिहिल्यासारखा असतो, सामान्य माणसाला त्यातून काही उमगत नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर दोन अंकांच्या रूपांतराला तास-दीड तास लागतो, तेवढा वेळ त्याला हात लावायचा नाही. आधीच डीव्हीडीच्या पद्धतीत असलेली एमपेग-२ फाइल असेल तर रूपांतर न करता तशीच घेण्याचा पर्याय आहे, तो लक्षात ठेवा. पुष्कळ वेळ वाचतो आणि दर्जा तसूभर उतरत नाही.

डिस्क जाळायचं बटण त्यात आहे, तरी मी तिथून थेट जाळत नाही. 'आयएसओ इमेज', म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, बनवून घेते. ती व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून मेनू, चॅप्टर, आवाज सगळं तपासते, आणि मग इमजबर्न या डिस्क जाळायच्या सॉफ्टवेअरने डिस्कवर उतरवते. याचं कारण आमच्याकडची वीज. आषाढ-श्रावणात ती कधी जाईल सांगता येत नाही. रूपांतर एकदा होऊन आयएसओ तयार असला की वीज गेली तरी वाया जाते ती फार तर एक कोरी डिस्क. लॅपटॉपला बॅटरी असते, पण डेस्कटॉपवर काम करत असाल तर यूपीएसशिवाय जाळायला बसू नका. इमजबर्न जुनं आहे, २०१३ नंतर नवी आवृत्ती नाही, पण काम चोख. इन्स्टॉल करताना जोडीला दुसरं काही घ्यायला सांगितलं गेलं तर प्रत्येक पान वाचून नकार द्यावा. आणि जाळलेली डिस्क परत तपासणाऱ्या 'व्हेरिफाय'ची खूण काढू नये.

जाळायचा वेग ४एक्स किंवा ८एक्स ठेवावा. ४एक्सवर भरलेली डिस्क साधारण पंधरा मिनिटांत होते. डिस्कवर १६एक्स लिहिलंय म्हणून तेवढा वेग द्यायलाच हवा असं नाही. कोऱ्या डिस्कच्या दोन प्रकारांतली डीव्हीडी-आर घ्यावी, डीव्हीडी+आर नको, कारण +आर मागाहून आली आणि फार जुने प्लेअर तिला नाकारतात. वर कागदी लेबल चिकटवू नये. आमच्या दमट हवेत ते सुटतं, फुगतं, डिस्क फिरताना डगमगते. डिस्कसाठीच मिळणाऱ्या मऊ टोकाच्या पेनाने वरच्या बाजूला नाव लिहावं. ठेवायला प्लास्टिकची डबी, आणि कपाटात भिंतीला लागून नाही, पावसाळ्यात आमच्या भिंतींना ओल येते.

बाकीचे पर्याय थोडक्यात. डीव्हीडी फ्लिक हे विंडोजवरचं फुकट सॉफ्टवेअर याहून सोपं आहे. मेनूची हौस नसेल आणि एकच फाइल असेल तर ते पुरे, पण ते २००९ पासून पुढे सरकलेलं नाही. विंडोज डीव्हीडी मेकर व्हिस्टा आणि विंडोज ७ बरोबर यायचं, विंडोज ८ पासून काढून टाकलं. अजून कुणाकडे जुना संगणक असेल तर त्यावर सापडेल. लिनक्सवाल्यांना डेव्हेडे आहे. आज्ञा टाइप करायची सवय असेल त्यांना एफएफएमपेगमध्ये 'पाल-डीव्हीडी' हे लक्ष्य दिलं की आकार, वेग, आवाज सगळं आपोआप योग्य होतं, पण मेनू नाही. ज्या विकतच्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती चित्राच्या मधोमध आपलं नाव छापते, त्यांच्या वाटेला जाण्याचं काही कारण मला दिसत नाही.

नव्या लॅपटॉपला डीव्हीडीचा ड्राइव्ह नसतो, तो बाहेरून यूएसबीने लावायचा घ्यावा लागेल. वायर थेट लॅपटॉपला लावावी, हबमधून नको, डिस्क जाळताना त्याला विजेची ओढ लागते. कोऱ्या डिस्क आता फोंड्याच्या बाजारात प्रत्येक दुकानात असतील असं नाही, आणि पूर्वी घरोघरी असायच्या त्या मोझर बेअरच्या तर नाहीतच, ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. पन्नासाचा डबा एकदम मागवावा आणि नारळी पौर्णिमेच्या आत मागवावा. नंतर चवथीच्या गडबडीत पार्सल वेळेवर पोचत नाही, आणि माटोळी (गणपतीवर टांगायची फळांची-पानांची आरास) बांधायच्या दिवशी कुणीतरी येऊन विचारतंच की आमची डिस्क झाली का.